वसुवन्सं आणि मी घेतलेला बैल

मी आयुष्यात एकदा बैल विकत घेतला आहे. आमच्याकडे शेत नाही, गोठा नाही. साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि तुळशीची एक कुंडी, एवढीच काय ती आमची जमीन. तरीही भर बाजारात, नारायणपेठी नेसून, खांद्याला पर्स लटकवून मी एक खिलार बैल घेतला, आणि तोही भाव न विचारता. तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. मुलांची लग्नं उरकलेली, स्वतःला जगातली सगळ्यात हुशार समजणारी बाई होते. नातवंडांना ही गोष्ट कितीदा तरी सांगून झाली आहे, आणि दर वेळी बैलाची शिंगं मी थोडी थोडी वाढवत नेली आहेत. पण ज्यांच्यामुळे मी त्या बाजारात गेले, त्या माझ्या धाकट्या नणंदबाई, वसुधा, आमच्या वसुवन्सं, गेल्या महिन्यात गेल्या... आता गोष्ट सुरू केली की बैलापर्यंत पोचतच नाही. म्हणून लिहायला बसले.

मेथी निवडत होते तेव्हा फोन वाजला. सांगलीहून मानेबाई बोलत होत्या, वन्संच्याच कॉलेजात शिकवतात त्या. "वसुधाताई फळ्यावर लिहिता लिहिता खुर्चीत बसल्या हो... मिरजेला नेलं, पण वाटेतच..." आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "मग तास कुणी पुरा केला?" हे, म्हणजे वन्संचे सख्खे थोरले भाऊ, समोर उभे राहून "काय झालं, काय झालं" करत होते आणि मी फोन ठेवून पुन्हा मेथी निवडायला बसले होते. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. सगळी जुडी संपल्यावर मी त्यांना सांगितलं. माणूस गेल्याचं कळल्यावर रडू येतं असं मी ऐकून होते. मला तर हात थांबवणंच जमेना.

वन्सं सांगलीत अर्थशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की "अजून भाव जमला नाही" असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. तो काळ नव्या आर्थिक धोरणाचा. जो तो खुल्या बाजाराबद्दल बोलत होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठीसुद्धा जिन्यात गाठून 'उदारीकरण' समजावून द्यायचे. आणि अशा वेळी या बाईंनी विषय कुठला घ्यावा, तर जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली ठरणारा भाव! विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये दलाल. तोंडाने कुणी अवाक्षर काढायचं नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, त्यावरून आकडा समजायचा, पटलं की मान हलवायची. त्यांचे मार्गदर्शक म्हणाले होते, "अहो, साखर कारखाने सोडून बैल कुठे काढलेत?" वन्संचं म्हणणं साधं होतं. पुस्तकात लिहिलंय, भाव सगळ्यांना कळला तर बाजार नीट चालतो. इथे तर शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही, आणि तरी हा बाजार पिढ्यान् पिढ्या चालला आहे. मग ते कापड नक्की काय झाकतं?

हे शोधायला कापडाखाली हात घालायला हवा, आणि अडलं ते तिथेच. बाईमाणसाचा हात धरायचा कसा, म्हणून दलाल लाजायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. असंच आणखी वर्षभर चाललं तर विषय सोडावा लागेल, असं त्या फोनवर म्हणाल्या. आवाज अगदी पडलेला. तेव्हा मी, मोठी वहिनी, पदर खोचून सांगलीला गेले. जत्रेतला बाजार भरला होता, वन्संना घेऊन तिथे पोचले. सदूनाना नावाचे एक वयस्कर दलाल एका बैलापाशी उभे होते. मी ऐटीत पुढे झाले. "नाना, ह्यांचा नको तर माझा हात धरा. मला आता कोण काय म्हणणार आहे?"

नानांनी जीभ चावली, इकडेतिकडे पाहिलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला. त्यांनी माझी बोटं दाबली. आकडा-बिकडा काही मला कळला नाही, पण कुणी हात दाबला तर आपणही दाबावा, हे आमचं वळण. मी चांगली घसघशीत दाबली आणि "बरं, बरं!" म्हणत मानही डोलावली. बैलाचा मालक, जतकडचा एक उंचापुरा माणूस, पलीकडून बघत होता. त्याने पुढे होऊन बैलाच्या कपाळाला गुलाल लावला आणि दोर माझ्या हातात दिला. "घ्या पावणं. लय गुनाचा हाय. पान्याला भ्येत न्हाई, मानसाला मारत न्हाई."

"आवं, आवं, ही शिकवनी चाललीया, सौदा न्हवं!" नाना ओरडले.

"शिकवनी? बाईंनी मान हलवली न्हवं का? समद्यांनी बघितलंय." मालक खवळला नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता, ते जास्त वाईट. "आता ह्यो माघारी फिरला तर लोक काय म्हनतील? कायतरी खोड असंल म्हनूनच परत केला म्हनतील. माज्या बैलाला बट्टा लावला की वो तुमी."

माणसं गोळा झाली. मी दोर धरून तशीच उभी. सोडायचा असतो हेही सुचेना. बैल माझ्या पर्सचा वास घेत होता. बाजार बिथरला तर वन्संचा सगळा अभ्यास तिथेच बुडणार, हे आता मलाही दिसायला लागलं होतं. तेवढ्यात वन्सं पुढे आल्या आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, बैलात काही खोड नाही. खोड आहे ती आमच्या वहिनीत. घरी कुकरची शिट्टी झाली तरी या 'बरं, बरं' म्हणतात!"

आधी नाना हसले, मग सगळा बाजार. शेवटी मालकसुद्धा. एवढ्या गर्दीने बैल पाहिला म्हटल्यावर त्याला खरं गिऱ्हाईक भेटायला वेळ लागला नाही. आणि त्या दिवसापासून वन्संना कुणी वाटेला लावलं नाही. 'बैलवाल्या बाईंची नणंद' म्हणून दलाल त्यांना हाका मारून बोलवू लागले, टॉवेलाखाली हात धरून बोटांची भाषा शिकवू लागले. प्रबंध पुरा झाला. त्यात त्यांनी मांडलं होतं ते मला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं होतं, आमच्या ओट्याशी उभं राहून, शेंगा सोलता सोलता. लपवलं म्हणजे फसवलंच असं नाही, वहिनी. अडलेल्या माणसाला खाली उतरावं लागतं, तेव्हा ते चारचौघांना दिसू नये, एवढीही सोय त्या कापडात असते. मी म्हटलं, "बरं, बरं." आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

पुढे तो आमचा चाळाच झाला. लग्नाच्या मांडवात, कुणाच्या सत्काराच्या लांबलेल्या भाषणात, पदराखाली वन्संचा हात यायचा आणि माझी बोटं दाबायचा. म्हणजे, किती वेळ अजून? मी उलट दाबून कुजबुजायचे, "फार होतंय, थोडं उतरा!"

यंदा संक्रांत झाल्यावरच्या रविवारी त्या न कळवता साताऱ्याला आल्या. बेदाणा आणला होता, नातीला रिबिनी. उन्हं उतरल्यावर आम्ही दोघी गॅलरीत बसलो. गार होतं, म्हणून माझी तपकिरी शाल दोघींच्या गुडघ्यांवर घेतली होती. मी नातीच्या गॅदरिंगची हकीकत सांगत होते. ती झाड झाली होती आणि झाड मध्येच शिंकलं. बोलता बोलता शालीखाली वन्संचा हात आला. त्यांनी बोटं दाबली... नेहमीसारखी पटकन नाही. धरून ठेवली. मी उलट दाबली आणि म्हटलं, "फार होतंय वन्सं, थोडं उतरा!" त्या हसल्या. हात काढून घेतला. "मग? झाडाचं पुढे काय झालं?" म्हणाल्या. आणि मी सांगत बसले.

दिवसकार्याला सांगलीत मानेबाईंनी मला बाजूला घेतलं. मिरजेच्या डॉक्टरांनी वन्संना हृदयाचं सांगितलं होतं. पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घ्या, वेळ लावू नका, घरच्यांशी बोलून या, म्हणाले होते. "घरच्यांशी बोलायलाच तर त्या रविवारी त्या साताऱ्याला आल्या होत्या ना," मानेबाई म्हणाल्या. "आल्यावर मी विचारलं, बोललात का? तर म्हणाल्या, तिथे सगळी इतकी आनंदात होती, बघू पुढच्या वेळी. तुम्हाला... तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते आठवत नाही.

मी रागावले आहे त्यांच्यावर. माझ्यापासून काय झाकायचं होतं? अडल्या होत्या तर सरळ बोलायचं. मग वाटतं, बोलल्याच की त्या. जी भाषा आम्हा दोघींनाच येत होती तिच्यात बोलल्या, आणि मी नेहमीप्रमाणे, आकडा न कळताच, उत्तर देऊन मोकळी झाले. शाल गॅलरीतल्या खुर्चीच्या पाठीवर तशीच आहे. सूनबाई दोनदा घडी करायला आली. मी करू दिली नाही. संध्याकाळी तिथे बसते आणि शालीखाली हात ठेवते. थंडी आता संपली आहे, हे काय मला कळत नाही?

आणि मग आठवते ती बैल घेतल्या दिवशीची परतीची एस.टी. धुळीने माखलेल्या आम्ही दोघी मागच्या बाकावर. हसून हसून वन्संच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पदराने पुसत, माझ्या गुलाल लागलेल्या हाताकडे बघत त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, एक लक्षात ठेवा. पुढच्या वेळी कुणी कापडाखाली हात धरला ना, तर लगेच दाबायचा नाही. आधी विचारायचं, काय म्हणायचंय?"