कुणासंगं पळाली?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक पेपर होता. निम्मा भुताखेतांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा, निम्मा अमेरिकेतल्या गुलाम बायांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या हकिकतींचा. पहिल्या प्रकाराला गॉथिक म्हणायचं. वर्गातल्या एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, गॉथिक म्हणजे गोठ्यातलं काय?" त्या हसण्यात निम्मा तास गेला. मी काही हसले नाही. मी कळंबहून धाराशिवपर्यंत एसटीत उभी राहून आले होते आणि परत जाऊन मला भाकरी थापायच्या होत्या. चिडकीच होते मी. अजून आहे.

माझं माहेर नळदुर्गचं. हायवेवर अप्पांची शाकाहारी खानावळ. सासर कळंबचं, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान. लग्न ठरताना अप्पांनी एकच अट घातली होती, पोरीला पुढं शिकू द्या. "शिकू देऊ की," सासरे म्हणाले. झालं. ते सगळं घरच त्या 'देऊ'वर चालायचं. कॉलेजला जाऊ देऊ, माहेरी चार दिवस राहू देऊ, पंजाबी ड्रेस घालू देऊ. जे देतात ते परत घेतात, एवढं मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

त्या पेपराच्या मॅडमची एक पद्धत होती. इंग्रजीत वाचलं ते मराठीत सांगायचं, म्हणजे पोरांनी गाईड पाठ केलंय का पुस्तक वाचलंय ते कळतं. एक दिवस एक मुलगी उठून गुलाम बाईची गोष्ट सांगायला लागली. मालक कसा मागं लागायचा, मालकीण बघून न बघितल्यासारखं कसं करायची, पोटचं लेकरू दुसऱ्या गावी कसं विकलं. वर्ग अगदी चिडीचूप. शेवटी ती म्हणाली, "आणि मग ती बाई पळून गेली."

मागच्या बाकावरनं लगेच आवाज आला, "कुणासंगं?"

अख्खा वर्ग फुटला. ज्यानं विचारलं त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, सवयीनं तोंडातनं निघालं बिचाऱ्याच्या. सांगणारी मुलगी लाल झाली. मॅडम म्हणाल्या, बरं, दुसरा शब्द द्या. मग सुरू झालं. 'निसटली' म्हणलं तर चोरासारखं वाटतंय. 'फरार झाली', 'पसार झाली' हे पोलिसांचे शब्द. 'सुटली' म्हणलं तर पोरं गालात हसायला लागली, कारण सुटलेली बाई म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. 'निघून गेली' म्हणलं तर रुसून माहेरी गेल्यासारखं. मॅडमनी स्वतः एक सुचवला, 'तिनं स्वतःला सोडवून घेतलं'. त्यावर एकजण म्हणाला, "हे बँकेतलं सोनं सोडवल्यावानी झालं मॅडम." तास संपला तरी शब्द काही मिळाला नाही.

मला तो तास गोचिडीसारखा चिकटला. येडशीपासून येरमाळ्यापर्यंत मी खिडकीला डोकं टेकून तेच घोळवत होते. पुरुष पळून गेला म्हणलं की लोक विचारतात, का? बाई पळून गेली म्हणलं की विचारतात, कुणासंगं? म्हणजे बाई एकटी पळू शकते हे आमच्या भाषेला मान्यच नाही! शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय गं, बरं न्हाय व्हय तुला?" मी म्हणलं, "लई बरंय मावशी."

मॅडमनी आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. उगाच स्वतःला गुलाम म्हणवून घेऊ नका, त्या बायांचं दुःख फार मोठं होतं, त्यांना बाजारात उभं करून विकलं होतं. खरंय. मला कुणी विकलं नव्हतं. उलट अप्पांनीच वरून देऊन पाठवलं होतं.

आणि गॉथिक म्हणावं तर आमच्या घरात अंधार कुठंच नव्हता. नवं बांधकाम, पांढऱ्या फरश्या, जिन्यात सुद्धा एलईडी. कादंबरीतल्या बाईला जुनाट वाड्यात मेणबत्ती घेऊन फिरावं लागतं, वरच्या खोलीतनं कुणाचा तरी आवाज येतो. मला आवाज यायचा तो फक्त फ्रिजचा. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "एक लेकरू होऊ दे, मग शीक की. कॉलेज कुठं पळून चाललंय?" मग माझा मोबाईल 'चार्जिंगला' म्हणून त्यांच्या कपाटात राहायला लागला. मग दुपारी पुरुषमाणसं बाहेर गेली की माझ्या खोलीला बाहेरनं कडी. का, तर मांजर शिरतंय. त्या गल्लीत मांजर होतं, नाही असं नाही. पण मांजर आत येऊ नये म्हणून दार लावायचं असेल तर आतनं पण लावता येतं, हे त्या घरात एकाही माणसाच्या डोक्यात येत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "अगं थोडे दिवस ॲडजस्ट कर. मारत तर न्हाय ना कुणी?"

नव्हतंच मारत. ओरडत पण नव्हते. गरम जेवायला घालायचे. ते सगळं गोड बोलणं ऐकून माझ्या डोक्याची शीर तडतडायची. कुणी एक थोबाडीत मारली असती तर दाखवायला काहीतरी झालं असतं! कडी कुणाला दाखवायची? संध्याकाळी ती काढलेलीच असायची.

पंचमीला माहेरी गेले तेव्हा आईला, आमच्या अव्वाला, सगळं सांगितलं. म्हणलं, मी परत जात नाही, डिसेंबरात परीक्षा आहे, मैत्रिणीच्या खोलीवर राहून देते. अव्वा पुरण वाटत होती, हात थांबला तिचा. "यव्वा," म्हणाली, "आत्ताच न्हाय गं. धाकटीचं जमत आलंय. थोरली पळून आली म्हणले तर तिला कोण करून घेईल?" पळून आली! आईच्या घरी आले तरी पळूनच. धाकटी बहीण तिथंच झोक्यावर बसून मेंदी वाळवत होती. अप्पांनी स्वतः मला एसटीत बसवून दिलं, खिडकीतनं केळी दिली, आणि बस सुटेपर्यंत माझ्याकडं बघायचं टाळलं.

मला कडीची भीती नव्हती. कडी कधी ना कधी कुणीतरी काढतंच. मला भीती होती त्या एका शब्दाची. मी गुपचूप गेले की तो शब्द माझ्या मागं लागणार, आणि मी हाताला लागले नाही की नळदुर्गला जाऊन बहिणीला धरणार. दुपारभर आत बसून मी हाच विचार करायचे. खोलीत येरझारा घालायचे, पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत. त्या गुलाम बाया अंधारात, दलदलीतनं, लपतछपत गेल्या, कारण दिसल्या तर मेल्या असत्या. माझं उलटं होतं. मी न दिसले तर मेले. लपून गेलेल्या बाईलाच 'पळाली' म्हणतात ना? मग सगळ्यांना सांगून गेले तर? दिवसाढवळ्या, तोंडावर, ढोल बडवून गेले तर कसं म्हणतील? हे सुचलं आणि मी एकटीच खोलीत मोठ्यानं हसले. खालनं सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणलं, "मांजर."

बाजारच्या दिवशी माझ्या खोलीला कडी नसायची. त्या दिवशी आडतीवर शेतकऱ्यांसाठी घरनं चहा जायचा आणि तो करायला मी लागायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशीच बाजार आला. एरवी किटली न्यायला दुकानातला हमाल यायचा. त्या दिवशी मी सासूबाईंना म्हणलं, "आत्याबाई, मीच नेते, पाय मोकळे होतील." त्या पोथी वाचत होत्या, मान हलवली. मी एका हातात किटली घेतली आणि खांद्याला कॉलेजची सॅक. सॅकमध्ये दोन ड्रेस आणि झेरॉक्सच्या नोट्स.

मोंढा सोयाबीननं भरला होता. लिलाव चाललेला, ट्रॅक्टर उभे, धुराळा. सासरे गादीवर, नवरा काट्यापाशी. मी किटली गादीच्या कडेला ठेवली. म्हणलं, "मामा, मी जाते."

सासऱ्यांना वाटलं घरी जाते. "बरं," म्हणाले. पण पोत्यावर बसलेले एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना ते खटकलं. आमच्याकडं बाई घरातनं निघताना 'येते' म्हणते, 'जाते' कधी म्हणत नाही, 'जाते' म्हणणं अशुभ. ते समजावणीनं म्हणाले, "येते म्हण पोरी. जाते म्हणू न्हाय."

"न्हाय बाबा," मी म्हणलं, "जातेच."

मग माझाच आवाज मला ऐकू आला, नको तेवढा मोठा. "धाराशिवला जाते. उद्या परीक्षा आहे माझी. ती झाल्यावर इथं परत येणार न्हाय. एकटी चाललेय. सगळ्यांनी बघून घ्या, माझ्यासंगं कुणी न्हाय."

लिलाव थांबला. आडतीवर लिलाव थांबतो म्हणजे काय, ते मोंढ्यातल्या माणसालाच कळेल. सासरे हळू आवाजात म्हणाले, "घरी जाऊन बोलू." मी म्हणलं, "घरात बोलायचं काही राहिलं न्हाय, मामा. घरात कडी असती." नवरा धावत आला. "अगं, लोक बघायलेत!"

"त्यासाठीच तर आले," मी म्हणलं.

तिथनं मी स्टँडपर्यंत चालत गेले. फुलवाल्या मावशीला सांगितलं, जाते. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला सांगितलं, जाते, माप फाडून टाका. मागनं नवरा मोटरसायकल घेऊन आला आणि माझ्या बाजूनं हळूहळू चालवायला लागला. "बस मागं. स्टँडवर सोडतो." मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि पायापासनं डोक्यापर्यंत आग झाली. गाडीवर बसले असते तर उद्या सगळीकडं झालं असतं की नवऱ्यानंच परीक्षेला सोडलं, किती भला माणूस! माझं जाणं पण तो 'जाऊ दिलं' करून टाकणार होता. मी म्हणलं, "पुढं व्हा तुम्ही." तो काही पुढं गेला नाही. पहिल्या गिअरमध्ये घरघरत स्टँडच्या गेटपर्यंत आला आणि तिथं गर्दीत अडकला. एसटी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. येरमाळा मागं पडला तशा मी सॅकमधल्या नोट्स काढल्या.

पहिला पेपर बरा गेला. दुसराही. तिसरा तोच होता, गॉथिकचा, दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मैत्रिणीच्या खोलीवर वाचत बसले होते, तेवढ्यात तिच्या मोबाईलवर अव्वाचा फोन आला. नंबर मीच कळवला होता. अव्वा रडतच बोलत होती. "मोडलं बाई धाकटीचं. त्यांच्या कानावर गेलं, थोरली कुणासंगं तरी पळून गेली म्हणून."

"कुणी सांगितलं?" मी ओरडले. "अख्ख्या मोंढ्यानं बघितलंय मला एकटीला!"

"मोंढ्यातलेच सांगतेत. कॉलेजातला कुणीतरी स्टँडवर थांबला होता म्हणं."

माझ्या हातनं चहा प्यायलेली माणसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय करायचं बाईनं? भोंगा लावून जायचं? मी अव्वाला म्हणलं, बरं झालं मोडलं. असल्या लोकांत पडण्यापेक्षा सुटली ती. असले लोक तिला पण कोंडतीलच, आज ना उद्या. तिला शिकू दे, मी बघते तिचं, इथं घेऊन येते माझ्याजवळ. मी बोलतच सुटले. बायांचं स्वातंत्र्य, लग्नाचा बाजार, सगळं काढलं. दुसऱ्या दिवशीचा पेपर तोंडातच होता माझ्या.

मग कळलं की फोनवर अव्वा नाहीच. बहिणीनं केव्हाच फोन घेतला होता.

"अक्का," ती म्हणाली, "झालं का तुझं?"

मी म्हणलं, "बोल."

"म्या फोन लावला होता त्याला. दुपारी. मोडलं म्हणल्यावर." ती हळू बोलत होती, अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हणलं, माझी अक्का गेली म्हणून मोडायलाव का? तसं असंल तर मला तोंडावर सांगा."

"मग? काय म्हणाला?"

"आईला विचारून सांगतो म्हणाला."

मला फिस्सकन हसू आलं. ती पण हसली असेल असं वाटलं, पण तिकडनं आवाज आला नाही.

"मग म्या म्हणलं, नका विचारू. आता माझंच न्हाय जमत. ठेवून दिला."

"शाब्बास गं माझी बाई!" मी म्हणलं. "असं पाहिजे! अगं, असला माणूस..."

"अक्का," ती म्हणाली, "मला आवडला होता तो."

मैत्रिणीनं दिवा लावला. फोनमध्ये आमची धाकटी हुंदके देत होती, आणि मला तिला काय म्हणावं ते एकाही भाषेत येईना.