पेगच्या नावाची गोळी

डिंप्ना टूमीनं कुणाचा हेवा केलेला आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात कुणी पाहिला नसेल. शेजारणीनं नवी गाडी घेतली, तरी हिच्या कपाळाला आठी नाही. हिनं सगळा जळफळाट एकाच बाईसाठी राखून ठेवला होता, आणि ती बाई चौदा वर्षांपूर्वीच वारली होती.

ती म्हणजे पेग, तिच्या नवऱ्याची, म्हणजे कॉनची, पहिली बायको.

डिंप्नाची तीस वर्षं इंग्लिश मार्केट नावाच्या मंडईत मासळी कापण्यात गेली. मासळीचा वास असलेल्या हातात कोण अंगठी घालणार? कॉननं घातली, ती साठीला आल्यावर. संसार सुखाचा चालला होता. पण दोन वर्षांपूर्वी हा बाबा झोपेत बोलायला लागला. "पेग... अगं पेग..." डिंप्नाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढचं ऐकायला नको म्हणून ती कानावर उशी दाबून धरायची.

शेवटी ती डॉक्टरकडे गेली. म्हणाली, "कॉनला झोपच लागत नाही हो."

शुद्ध थाप! झोप लागत नव्हती ती हिला.

गोळी सुरू झाली आणि पेग बंद झाली. मग कॉनला चक्कर यायला लागली, तिच्यावर दुसरी गोळी. तिनं हात थरथरायला लागले, म्हणून तिसरी, अशी रांगच लागली. एक्क्याऐंशीचा माणूस दिवसभर खुर्चीत पेंगायचा, आणि शेवटी चर्चच्या पायरीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात ऑर्ला नावाची फार्मासिस्ट पोरगी आली. म्हाताऱ्यांच्या गोळ्या तपासायचं तिचं काम. तिनं कॉनचा हात हातात घेतला, तर हा गुंगीतही तिच्याकडे बघून हसला. झालं, डिंप्नाच्या पोटात दुखायला लागलं. मला दोन वर्षांत नाही हसून दाखवलंस ते!

"मिसेस टूमी, अकरा गोळ्या आहेत," ऑर्ला कागद पुढे करत म्हणाली. "प्रत्येकीपुढं मला कारण लिहावं लागतं. मला वाटतं, सगळा गुंता या झोपेच्या गोळीपासून सुरू झालाय. हळूहळू कमी करत ती बंद करता येईल. पण त्यांना खरंच झोप येत नसेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल. येत नव्हती का?"

एक 'हो' म्हटलं की पेगचं तोंड बंद. डिंप्नानं कॉनकडे पाहिलं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"घोरायचा गं तो," ती एकदम म्हणाली. "छप्पर हलेल इतका. झोपेत पहिल्या बायकोला हाका मारायचा. मला सहन होईना."

ऑर्लाचं पेन थांबलं. "हे... मी कसं लिहू?"

"लिही ना! बायको जळकी आहे म्हणून लिही."

गोळी कमी होत गेली, आणि तीन आठवड्यांत कॉनचे डोळे स्वच्छ झाले. एका सकाळी म्हणाला, "डिंप्ना, किती वाळलीस गं! जेवतेस की नाही?" तिनं त्याच्यावरच डाफरून घेतलं, नाहीतर रडली असती.

त्याच दुपारी जेवून त्याचा डोळा लागला, आणि ओठ हलले. "पेग..."

आली सटवी! डिंप्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"फार बडबडताहेत," जवळून जाणारी नर्स म्हणाली. "शांत झोपायला काही द्यायला सांगू का डॉक्टरांना?"

'हो' डिंप्नाच्या जिभेच्या अगदी टोकापर्यंत आला होता. तिनं जीभ चावली. "नको," म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कान त्याच्या तोंडाशी नेला.

"पेग, तू जा गं आता," कॉन झोपेत पुटपुटत होता. "डिंप्ना येईल. तिला वाईट वाटतं."