ताऊच्या ढाब्यावरचा ग्लास

किशनजींचा अपमान झाला तो मी सहावीत असताना, होळीच्या आदल्या दुपारी, जयपूरबाहेर जुन्या आग्रा रोडवर, ताऊच्या ढाब्यावर. काल राजा पार्कात मोर्च्याचे फलक रंगवताना ऑइलपेंटचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली.

ढाबा ताऊचं अख्खं कुटुंब चालवायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव स्टीलच्या ग्लासवर लाल रंगात लिहून तो भिंतीवर टांगायचे. माझाही होता. आम्हाला दरवेळी तिथे नेणारे, बाबांच्या ऑफिसचे ड्रायव्हर किशनजी त्या दिवशी हसत म्हणाले, "ताऊ, हमारा भी नाम लिख दो."

"क्यों नहीं," म्हणत ताऊने झोकदार अक्षरांत लिहिलं. नाव नाही, जात. मग त्यात चहा ओतून म्हणाला, "आपका वाला बाहर, नीम पे टँगेगा." सुना हसल्या. किशनजींनी उभ्यानेच चहा प्यायला, ग्लास स्वतः विसळला, झाडाला टांगला. बाबा म्हणाले, "चला, उशीर होतोय."

ओला रंग किशनजींच्या बोटांना लागला होता. घरी येईपर्यंत गाडीभर तोच वास. तेव्हा मला फक्त ताऊचं अक्षर आवडलं होतं.

आज लोक त्या भिंतीपुढे फोटो काढतात, किती घरगुती म्हणतात. तुम्हीही थांबाल. मग ड्रायव्हरला आपल्या शेजारी बाकावर बसवा. तो बसेपर्यंत काहीही मागवू नका.