पक्क्या रंगाचा माणूस

आमच्या बोईसरच्या फ्लेक्सच्या दुकानात पंधरा वर्षं डिझाइन करणाऱ्या त्या शिरगावच्या गृहस्थांइतका हट्टी माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांचं वैर होतं अर्धपारदर्शक रंगाशी. निळ्यावर पांढऱ्याची पातळ झाक हवी असेल, तर सारं जग पांढऱ्याचा दाटपणा तीस टक्क्यांवर आणून मोकळं होतं. हे मात्र पडद्यावर दिसणारी फिकट निळी छटा टिपायचे, तोच पक्का रंग तिथे भरायचे आणि पांढरा पुसून टाकायचे. "मशीनचा भरवसा नाय. छापताना पातळ रंगाभोवती भलतीच चौकट उमटते," म्हणायचे. उमटली होती, एकदाच, फार पूर्वी. तिचा राग त्यांनी जपून ठेवला होता. गिऱ्हाइकानं घाई केली की ऐकवायचे, "आमी रंग मिसळतो, भेळ नाय." चिंचणीच्या एका लग्नात नवरीच्या मामीला त्यांनी सांगितलं, "पिवळ्या साडीवर ही जांभळी जाळीची ओढणी घेतलीत, मधला रंग शेणासारखा झालाय." मी कोपरानं ढोसलं, तर माझ्यावरच उखडले, "खरं तेच बोललो. तू ढोसतोस कशाला?"

मला चीड यायची. त्यांच्या फायलीत मागचा रंग बदलला की प्रत्येक छटा नव्यानं मिसळावी लागे. हे ठाऊक असूनही, ते जेवायला गेले असताना मी त्यांनी केलेल्या एका श्रद्धांजलीच्या फलकाची निळी पार्श्वभूमी भगवी केली. गेलेल्या माणसाच्या मुलाचा तसा फोन आला होता. चेहऱ्याभोवतीचं तेजोवलय तेवढं जुनंच, निळसर राहिलं. मी न बघता छापायला सोडलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात उभा. "माझ्या बापाला साप चावला होता काय? तोंडाभोवती निळं कशाला?"

दुकानाचे शेठ त्या गृहस्थांवर गरजले, "ही तुमचीच पक्क्या रंगाची खोड. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गप्प राहिलो. त्यांनी चष्मा खिशात घातला आणि गेले. त्यांचा हट्ट जुनाट असेल, पण माझं गप्प राहणं निव्वळ नीचपणा होता, आणि तो मी तीन आठवडे रोज डब्याबरोबर गिळत होतो.

शेवटी शेठना खरं सांगितलं. "मग बोलव त्यांना," ते म्हणाले. मी फोन लावला, सगळं एका दमात कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"त्या पोराला फलक नीट करून दिला?"

"त्याच संध्याकाळी."

"वलय?"

"भगव्यात पांढरा मिसळून. पक्का रंग."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. परत याल का, हे विचारायचं राहून गेलं.