आसरांची जागा

रोह्याला नदीकाठच्या नव्या बागेत आज फिरताना ओल्या गाळाचा वास आला आणि बाग उघडली ती सकाळ आठवली. डोहाकाठचे आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात दगड क्रेनने उचलून वर हिरवळीवर, टाइल्सच्या चौथऱ्यावर मांडले होते. आम्ही बायका हौसेने हळदकुंकू वाहत होतो. वाडीवरची, नदीत मासे धरणारी म्हातारी मात्र ओटी घेऊन खाली, दगडांच्या जुन्या जागेपाशीच बसली होती. मी हाक मारली, “आजी, देवी वर नेल्या.” पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “ठाव हाय गो. आता पाणी त्यांना हुडकत वर येल.” आम्ही हसलो. आता पाऊस कधीचा संपलाय, नदी पार तळाला गेलीय, तरी चौथऱ्याभोवतीची हिरवळ आज ताज्या, ओल्या गाळाने भरलीय.