टाकीचं झाकण

वलगावला लेकीकडे दोन दिवस राहून परत निघालो होतो. अमरावतीच्या बाहेर एसटी जाममध्ये अडकली. खिडकीतून एका भंगारवाल्याचं आवार दिसत होतं. पत्र्यांच्या ढिगाला टेकून एक जीप उभी होती. टप नव्हता, एक दिवा फुटलेला. मी नजर काढून घेतली. मग पुन्हा पाहिलं. डाव्या बाजूला चढायला पायरी होती, वखराच्या झिजलेल्या पासेची, म्हणजे लोखंडी पात्याची. ती पायरी मीच वेल्डिंग करून घेतली होती, बायकोचा गुडघा दुखायचा म्हणून. पिशवी उचलली आणि खाली उतरलो.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण ही गोष्ट तोंडानं दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा हिंमत नाही, म्हणून लिहितो.

तेल्हाऱ्याजवळ आमचं वावर. त्या जीपनं मजूर नेले, कापूस वाहिला, लेकीच्या लग्नाचं सामान वाहिलं. दोन वर्षांमागं बायकोच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर यायला वेळ लागेल म्हणाले. मी म्हटलं, आपली जीप काय मेली? तिला बसवलं आणि अकोल्याचा रस्ता धरला. अर्ध्या रस्त्यात जीप बंद पडली. डिझेलचा हातपंप मारला, चालू झाली, थोडी गेली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. शेवटी एका भाजीच्या टेम्पोत टाकून नेलं. डॉक्टरनं तिचा हात खाली ठेवला आणि म्हणाला, "अर्धा घंटा आधी आणायला पाहिजे होतं."

तेरवी झाली आणि मी जीप भंगारात देऊन टाकली. लेक म्हणाली, "अवदसा गेली घरातून. त्या गाडीनं माही माय खाल्ली." भावकीनंही तेच म्हटलं. मी मान हलवली.

पण मला दुसरंच भ्या होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत डिझेलच्या टाकीचं झाकण कुठंतरी पडलं. नवीन आणायचा मी कंटाळा केला. मागं कापूस भरलेलाच होता. मूठभर घेतला, पिळला आणि टाकीच्या तोंडात खुपसला. बायको हसली होती.

"आवो, गाडीच्या कानात कापूस घातला काय? तुमच्या कानात त पयलेच आहे!"

"मंग बरं आहे. तुयी बडबड तिलेबी आयकू येनार नाई."

ती हसायची, पण झाकण आणा म्हणायचं तिनं सोडलं नाही. कधी पाहावं तर बोळा जागेवर नसायचा. मी म्हणायचो, हादऱ्यानं रस्त्यात पडला असेल. दुसरा घालायचो.

रस्त्यात पडला होता की आत? दोन वर्षं घास घेताना हेच. जीप भंगारात गेली तेव्हा वाटलं होतं, आता कधी कळणारच नाही. मनातून बरंही वाटलं होतं. आणि आता ती पुढ्यात उभी.

भंगारवाला म्हणाला, "काका, हे घेऊन काय करता? कोंबड्या पाळा लागतीन हिच्यात." हातोहात विकत जीप इथवर आली होती, पण कागद कोणी नावावर केलेच नव्हते. कागदावर जीप अजून माझीच होती. ते ऐकून मला आणखीनच भ्या वाटलं. रिकाम्या जाणाऱ्या ट्रकवर चढवून गावी आणली. ट्रकवाल्याशेजारी बसलो होतो, पण मागं वळून एकदाही पाहिलं नाही.

लेकीचा फोन आला. "बाबा, डोस्कं ठिकानावर आहे ना? थे गाडी आंगनात असन तोपर्यंत मी पाय ठेवनार नाई."

"अन् अखजीले? मायची घागर कोन भरन?"

तिनं फोन बंद केला. अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात.

गावात माझ्या वयाचा एक मिस्त्री आहे. डोळे कमी झाले म्हणून गॅरेज बंद करून घरी बसला होता. तो रोज सकाळी यायचा. शेवग्याच्या सावलीत आम्ही दोघं म्हातारे जीपला भिडलो. जंग खरवडला, स्प्रिंगचे पाटे उतरवले, क्लच प्लेट बदलली, उंदरांनी खाल्लेलं वायरिंग नवीन ओढलं. टाकी तेवढी मी हात लावू देत नव्हतो. ती चालवणाऱ्याच्या सीटखाली असते. म्हणजे त्या दिवशी मी तिच्यावरच बसलो होतो.

"भाऊ, टाकी धुवा लागन," मिस्त्री म्हणायचा.

"राहू दे. मंग पाहू."

एके दिवशी त्यानं प्लास्टिकच्या डबकीत डिझेल घेतलं, नळी सरळ पंपाला जोडली आणि मला चाबी फिरवायला लावली. इंजिन दोनदा खोकललं आणि धडधडायला लागलं. मिस्त्रीनं टाळी वाजवली. "शेर आहे भाऊ, शेर! कोन बोलते मेली म्हनून?"

मी उतरून ओट्यावर बसलो. इंजिन चांगलं, पंप चांगला. मग राहिलं काय? मिस्त्रीच्याही ते डोक्यात आलं. त्यानं इंजिन बंद केलं.

"मंग त्या दिवशी काहून बंद पडली?"

मी त्याला कापसाचं सांगितलं. त्यानं खूप वेळ फडक्यानं हात पुसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊ, खोलनं जरुरी नाई. दुसरी टाकी बसवू. हे मी उचलून नेतो, तुमाले दिसनारबी नाई."

खोटं कशाला लिहू, मी हो म्हणायच्या बेतात होतो. चहा ठेवायला आत गेलो. डबे धुंडाळताना साखर सांडली. दोन वर्षं लेक त्या लोखंडाला शिव्या देत होती आणि मी मान हलवत होतो. हो म्हटलं असतं तर मरेपर्यंत मान हलवत राहिलो असतो. चहा तसाच चुलीवर ठेवून बाहेर आलो.

"खोल," म्हटलं.

सीट काढली. टाकी उतरवून दगडावर आडवी केली. आधी काळा गाळ आला, जंगाचे पापुद्रे आले. मला वाटलं, एवढंच असू दे देवा. मिस्त्रीनं तार वाकवून आत घातली. एक बोळा निघाला, मेलेल्या उंदरासारखा. मग दुसरा. तिसरा निघता निघेना. तो डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर बसला होता. बाहेर काढला तर त्याच्यावर नळीची गोल खूण उठलेली. इंजिन ओढायचं तेव्हा तो चिकटायचा, बंद पडलं की सुटायचा. म्हणून चालू व्हायची, बंद पडायची.

"या अल्ला," मिस्त्री हळूच म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

तिसरा बोळा मी डब्यात ठेवला. टाकी धुऊन परत बसवली, नवीन झाकण आणलं. लेकीला फोन केला. "अखजीले ये. तुले काही सांगाचं आहे. गाडी झाकून ठेवतो."

ती येईपर्यंतचे दिवस मी जेवलो काय, झोपलो काय, आठवत नाही. बायको गेली तेव्हाही एवढा भ्यालो नव्हतो. तेव्हा लेक तरी होती. ही एकुलती एक. ही उठून गेली तर या घराचं दार कोण उघडणार?

ती आली, जीपकडे न पाहता आत गेली. तिनं घागर भरली, वर आंबा ठेवला. मी डबा तिच्यापुढं उघडला.

"पोरी, गाडीनं नाई नेलं तुया मायले. म्या नेलं." झाकण, कापूस, नळी, सगळं सांगितलं.

तिनं बोळा हातात घेतला, उलटापालटा केला, परत ठेवला.

"दोन वर्सं मी गाडीले शिव्या देल्या, बाबा. तुमी आयकत होते?"

"हाव."

"चूप बसून?"

"हाव."

ती उठली. आईच्या नावाचं पान वाढलं. मलाही वाढलं, पण समोर बसली नाही. दुपारी जायची वेळ झाली तशी पिशवी घेऊन अंगणात आली. मला वाटलं, संपलं. तिनं जीपवरची चादर ओढून काढली. टाकीचं नवीन झाकण फिरवून उघडलं, बोट आत घालून पाहिलं आणि पक्कं आवळलं.

"स्टँडवर सोडून द्या," म्हणाली, आणि पासेच्या पायरीवर पाय ठेवून चढली.

तेल्हाऱ्यापर्यंत मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. प्रत्येक चढाला वाटायचं, आता थांबते, आता थांबते. थांबली नाही. लेक उतरली आणि मागं न पाहता एसटीत बसली.

पोचल्यावर ती नेहमी फोन करते. मी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. चार वाजले, पाच वाजले. ऊन शेवग्यावरून उतरलं. सहाच्या पुढं फोन वाजला.

"पोचली," ती म्हणाली. "झाकन पाह्यत जाजा."

आणि ठेवला.