चादरीचे दुसरे टोक

भर चौकात काय उभे राहावे, हे शहरात नेमके कोण ठरवते? पुतळेवालीची हकीगत मांडताना या प्रश्नाचे उत्तर हाती लागेल अशी अपेक्षा होती. ते लागले नाही. समिती नियमाकडे बोट दाखवते, नियम लोकांच्या मताकडे, आणि लोकांना विचारावे तर ते म्हणतात, आम्हाला कुणी विचारले? बोटे दाखवून झाली तरी चौकात काहीतरी उभे असतेच.

पुतळेवाली हे तिचे कारखान्यातले नाव. कलाशाळेत ती शिल्पकला शिकली होती आणि चांगली शिकली होती. पण पोट भरत होते ते कापडदुकानांच्या काचेमागे उभ्या राहणाऱ्या फायबरच्या बायकांवर. साचा भरायचा, सुकला की उघडायचा, अंगावरचे सांधे पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायचे. अलीकडे दुकानदारांना पुतळ्यांना डोकी नको झाली होती. "डोकं असलं की गिऱ्हाईक चेहरा बघत बसतं, कपडा बघत नाही," मालक सांगे. त्यामुळे दिवसभर माना सपाट घासण्याचे काम तिच्याकडे आले. नाकातोंडाला फडके बांधून ती ते करी, आणि जेवणाच्या सुट्टीत म्हणे, "बायकांची मुंडकी उडवून जगतेय, आणखी काय!" बाकीचे हसत. ती हसत नसे.

घरी मावशी होती. आई गेल्यापासून दोघीच. आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या, आणि उभ्या नोकरीत त्यांनी एकाच चादरीची दोन टोके धरली होती. इस्पितळाची चादर जाड. भिजली की मेलेल्या माणसासारखी जड होते. तिला पिळायला दोघी लागतात. समोरासमोर उभे राहायचे, पाय रोवायचे, अंग मागे टाकायचे आणि प्रत्येकीने आपापल्या उजवीकडे पिळायचे. म्हणजे पीळ आपोआप उलटा बसतो आणि पाणी धार लावून पडते. एकीचा जोर कमी पडला की दुसरी पाठीवर आपटते. म्हणून जोडी सहसा बदलत नसत. भांडण झाले तरी टोक सोडायचे नाही, ही तिथली रीत. बहिणी एकमेकींशी अबोला धरून आठवडेच्या आठवडे चादरी पिळत, आणि घरी येऊन पुतळेवालीमार्फत निरोप देत: "तुझ्या मावशीला सांग, आज ओढ कमी होती."

पुढे यंत्रे आली, धुलाईखाना पाडला गेला, आणि त्या जागेवर नवे बसस्थानक झाले. पाडताना कुणाला काही वाटले नाही; पाडून झाल्यावर मात्र नगरपालिकेला श्रमाची आठवण जपावीशी वाटू लागली. बसस्थानकाच्या अंगणात एक शिल्प बसवायचे ठरले. शिल्पकारांकडून मॉडेले मागवली गेली.

पुतळेवालीने मॉडेल केले ते स्वयंपाकघराच्या फरशीवर. मावशी समोर स्टुलावर बसून सूचना देई. "माझं पोट एवढं नव्हतं गं." "तुझ्या आईचा डावा पाय पुढे असायचा." आईचे अंग भूतकाळातून काढायचे होते, म्हणून तिला वेळ लागला. शेवटी प्लास्टरमध्ये दोघी उभ्या राहिल्या: अंग मागे टाकलेल्या, मध्ये पिळलेली चादर दोरखंडासारखी ताठ. आईच्या हाताकडे पाहून मावशी इतकेच म्हणाली, "हं. ओढतेय." पुतळेवालीने कागदावर नाव लिहिले, 'चादर पिळणाऱ्या दोन बाया', आणि पेंढा भरलेल्या खोक्यात घालून मॉडेल पाठवून दिले.

आता नियम. वशिला चालू नये म्हणून कलाकाराचे नाव समितीला कळू द्यायचे नाही. मॉडेलला फक्त क्रमांक. आणि नाव कळू नये म्हणून कलाकाराने निकाल लागेपर्यंत प्रदर्शनाच्या दालनात पाऊलही टाकायचे नाही. बाकी सगळ्या शहराने यावे, पाहावे, चिठ्ठीवर मत लिहून पेटीत टाकावे. म्हणजे क्रमांक अकरा कसा मांडला आहे हे कुणीही बघू शकत होते, फक्त जिने तो केला ती सोडून. नियम करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. अशा स्वच्छ हेतूंनी शहरात जितके नुकसान केले आहे तितके लाचखोरांनाही जमलेले नाही.

क्रमांक अकरा निवडला गेल्याचे कळले तेव्हा कारखान्यात तिला खांद्यावर घ्यायचेच तेवढे बाकी राहिले. मावशी म्हणाली, "बघ, म्हातारपणी बसस्टँडवर उभी राहायची वेळ आली!" आणि डोळे पुसले. पुतळेवालीने इस्त्रीचे कपडे घातले आणि ती समितीपुढे गेली.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला मॉडेल. अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त वास्तुरचनाकार, उठून उभे राहिले. "या, या. अकरा नंबर कोण, याची आम्हाला फार उत्सुकता होती."

तिचे लक्ष टेबलाकडे गेले. मावशी उभी होती. एकटी. हातातली चादर अर्ध्यावर तुटलेली, आणि पुढे काहीच नाही.

"दुसरी कुठाय?"

समितीतला कलासमीक्षक समाधानाने हसला. "हाच तर प्रश्न तुम्ही शहराला विचारलाय!"

"शहराला नाही, तुम्हाला विचारतेय. दुसरी बाई कुठाय?"

"शीर्षकात दोन, समोर एक," समीक्षक अध्यक्षांना म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? नाहीशा झालेल्या श्रमाला यापेक्षा नेमकं रूप देता आलं नसतं."

दाराशी उभा असलेला शिपाई पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाई, खोकं उघडलं तेव्हा ती पायातनं मोडलेली होती. मोडकं कसं मांडायचं टेबलावर? मी परत पेंढ्यात नीट ठेवली. कुणी विचारलंच नाही."

"आणा."

खोके आले. पुतळेवालीने पेंढा उपसला आणि आईला बाहेर काढले. घोट्यांत तुटलेली, हातात चादरीचा आपला तुकडा घट्ट धरलेली. तिने कागदाची घडी करून तिच्या पायांखाली सरकवली, तिला मावशीसमोर टेकवून उभे केले आणि तुटल्या टोकाला टोक भिडवले.

"हात्तिच्या!" बसस्थानकाचा अभियंता म्हणाला. "धुणं पिळतायत होय! मला वाटलं, एकटीच दोर ओढतेय."

तिला वाटले, संपले. आता कळले यांना.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "कसं आहे, आता हे जरा पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं झालं. धडा दहावा, आपले मदतनीस."

"आधी त्यात एक रिकामपण होतं," समीक्षक म्हणाला. "तुम्ही ते भरून टाकलंत."

"मी भरलं नाही. तुमच्या शिपायानं रिकामं केलं."

"अपघात हासुद्धा कलेत सहकलाकार असतो, मॅडम."

"मग मानधन त्यालाच द्या."

शिपाई दचकून म्हणाला, "नको बाई, माझी नोकरी जाईल."

पुतळेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चूक केली असती आणि चूक कळल्यावर मान खाली घातली असती, तर ती हसून घरी गेली असती. पण यांना दोघी दिसल्या होत्या. नीट दिसल्या होत्या. आणि दोघींपेक्षा एकच बरी वाटत होती. एकटी बाई असली की तिच्याभोवती हवे तेवढे बोलता येते. दोघी असल्या की त्या आपसांत काम करतात, बघणाऱ्याची गरजच उरत नाही.

सांस्कृतिक विभागाच्या अधिकारीबाईंनी समोरची फाईल उघडली. त्या मवाळपणे म्हणाल्या, "तुमची भावना समजते मला. पण लोकांनी चिठ्ठ्या या मॉडेलवर टाकल्यात. दोन बायकांचं घ्यायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. बाकीचे स्पर्धक कोर्टात जातील. मंजूर मॉडेलात तसूभरही बदल करता येत नाही."

"आणि मी केलंच नाही तर?"

"मॉडेल पालिकेच्या मालकीचं झालंय. दुसऱ्या कुणाकडूनही मोठं करून घेता येतं. तुम्ही सही केलीय त्यावर."

अध्यक्षांनी मत विचारले: पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी असे कुणाला वाटते? अभियंत्याचा हात वर निघाला, इकडेतिकडे पाहून कानापर्यंत आला आणि कान खाजवून खाली गेला.

ती आईला पदराआड नव्हे, सरळ काखोटीला मारून बाहेर पडली. समितीला हवी असलेली तेवढी टेबलावर राहिली.

घरी मावशीने सगळे ऐकले आणि तिला हसू आवरेना. "म्हणजे मी एकटीच? लोक म्हणतील, म्हातारी चुकलीय, हिला कुणीतरी घरी सोडा!"

पुतळेवालीने हातातला पेला भिंतीवर फेकला. "तुला हसायला येतंय? आई पेंढ्यात पडून होती, मावशी. सगळं गाव बघून गेलं आणि ती खोक्यात!"

"ओरडू नकोस. मी बहिरी नाही."

"मी करणार नाही. मरू दे. ज्याला करायचं त्यानं करावं."

"आणि ज्याला करायचंय त्याला माझे हात कुठं ठाऊक आहेत?" मावशीने पेल्याचे तुकडे पायाने एका बाजूला लोटले. "ऐक, ठके. तुझी आई रजेवर असली की मी चादर एकटीनं पिळायचे. एक टोक नळाला बांधून. पिळून निघायची, पण नीट नाही. नळ ओढत नाही ना. दुसरा कुणी करायला बसला तर माझ्या हातात लोंबती चादर देईल, डोळ्यांत पाणी देईल आणि मला बिचारी करून सोडेल. मी कुणाची बिचारी नाही. मला ओढताना कर. मी ओढतेय म्हटल्यावर समोर कुणीतरी आहे, हे आंधळ्यालाही कळेल."

"त्यांना नाही कळलं."

"ते आंधळे नाहीत म्हणून."

तिने काम घेतले. समजूत पटली म्हणून नव्हे. आपल्या मावशीला परक्याच्या हाती द्यायचे नाही म्हणून. ओतशाळेत ब्राँझ ओतले जात असताना ती कुणाशी धड बोलली नाही. मावशीचे मनगट, मागे झुकलेली कंबर, चादरीचा पीळ, सगळे मॉडेलबरहुकूम. तुटलेले टोकसुद्धा जसेच्या तसे, खरबरीत. तिथल्या एका कारागिराने ते घासून गोल करू का विचारले, तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली.

शिल्प तयार झाले तेव्हा पालिकेने ओट्याचा नकाशा पाठवला: माणसाच्या छातीइतका उंच, वर फरशी. पुतळेवाली नकाशा घेऊन तडक अधिकारीबाईंच्या खोलीत गेली.

"मॉडेलला ओटा होता?"

"तसा नव्हता, पण साधारण पद्धत अशी..."

"मंजूर मॉडेलात तसूभर बदल करता येत नाही. वाक्य तुमचंच आहे. शिल्प जमिनीवर उभं राहील."

बोलावून घेतलेला अभियंता म्हणाला, "अहो, जमिनीवर ठेवलं तर येणारा-जाणारा हात लावेल."

"लावू दे. नाहीतर मी कोर्टात जाते. बाकीच्या स्पर्धकांनाही बरोबर घेते."

अधिकारीबाईंनी नकाशा गुंडाळून ठेवला. त्या दिवशी प्रथमच तिला नियमावलीचा उपयोग झाला, आणि तो झाल्याचाही तिला संतापच आला. आईसाठी एवढे भांडून मिळवले काय, तर जमिनीचा रिकामा तुकडा.

अनावरणाला धुलाईखान्यातल्या जुन्या बाया आल्या होत्या. समीक्षक रिकामपणावर बोलत होता. "समोर कुणी नाही, हीच या शिल्पाची..." एवढ्यात मावशी उठली, काठी शेजारणीच्या हातात दिली, शिल्पापाशी गेली आणि चादरीचे तुटलेले टोक दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ते बरोबर तिच्या कमरेच्या वर येत होते. तिने डावा पाय पुढे टाकला. तो तिचा नव्हता, बहिणीचा होता.

"आजी, हात लावू नका," अधिकारीबाई कुजबुजल्या.

"का नको? समोर मीच आहे की! माझी मला परवानगी आहे."

बाया हसल्या. मग एकेक करून सगळ्याजणी टोक धरून आल्या. "ओढ गं," "पिळतेस की खाजवतेस," असा आरडाओरडा झाला आणि भाषण तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिले की प्रेक्षकाने रिकामी जागा भरावी, ही शिल्पाची मूळ कल्पनाच होती. पुतळेवालीने तो कागद राळ सांडते तिथे, साच्याखाली अंथरला.

त्यानंतर बसची वाट पाहणारे लोक ते टोक धरू लागले. कुणी गंमत म्हणून, कुणी पिशवी खाली ठेवून हात मोकळे करताना, कुणी फोटोसाठी. ब्राँझ तिथे घासून पिवळे झाले. मावशी दर रविवारी जाऊन बघून येई आणि बातमी आणी: आज एक पोलीस होता, आज एक नवरी. पुतळेवाली गेली नाही. ती कारखान्याला लांबच्या रस्त्याने जात राहिली. तिथे फळीवर, बिनडोक्याच्या पुतळ्यांच्या रांगेत, आई ठेवली होती. घोटे जोडलेले नव्हते. कुणी सुचवले की लावून टाक गोंदाने, तर ती म्हणे, "ज्यांनी मोडली ते जोडायला येईपर्यंत अशीच राहील." कुणी येणार नव्हते. तिलाही ते माहीत होते.

मावशी २०१५ साली वारली. शिल्पाची झीज होते या कारणास्तव नगरपालिकेने २०१७ साली त्याच्याभोवती कमरेइतक्या उंचीचा लोखंडी कठडा बसवला.